आतल्या सेटिंगला हात लावू नका

गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर चपला काढतं, खुर्चीवर बसतं आणि म्हणतं, "काका, एक चांगलातला कॉम्प्युटर द्या." आंब्याची पेटी घ्यायला आल्यासारखं. मी विचारतो, "करायचंय काय त्यावर?" या प्रश्नानं निम्मे लोक दुखावतात. कॉम्प्युटरवर काय करतात हे यालाच माहीत नाही, तर हा आपल्याला काय देणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. मग मी चहा मागवतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो.

नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझं दुकान आहे. सुटे भाग आणायचे, गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे जोडायचे आणि चालता कॉम्प्युटर हातात द्यायचा, हा माझा धंदा. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आता ऑनलाइन सगळं मिळतं, तयार मिळतं, कधी कधी माझ्यापेक्षा स्वस्तही मिळतं. तरी लोक येतात, कारण ऑनलाइन दुकानाशी हुज्जत घालता येत नाही. एका निवृत्त साहेबांनी माझ्याशी सलग दोन दिवस वाद घातला होता. कीबोर्डवरची अक्षरं क्रमानं का नाहीत, आणि मी ती क्रमानं लावून का देत नाही, असा त्यांचा सवाल होता. तिसऱ्या दिवशी मी खरंच बटणं उपटून ए-बी-सी-डी लावून दिली. एका बोटानं अक्षर दाबायचं, पडद्यावर भलतंच उमटायचं. चौथ्या दिवशी साहेब आले, कीबोर्ड टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पूर्वीसारखं करा." आम्ही दोघंही त्यानंतर त्या विषयावर बोललो नाही.

अशी माणसं पाहिली की वाटतं, आपल्याला सगळं कळतं. या वाटण्यानंच मला एकदा चांगलं तोंडावर पाडलं. ती हकिकत मला सांगायची आहे.

त्याआधी माझ्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. कॉम्प्युटर सुरू करताना, विंडोज यायच्या आधी, एक ठरावीक बटण दाबलं तर वेगळाच पडदा उघडतो. पंखा किती जोरात फिरवायचा, कुठल्या भागाला किती वीज द्यायची, कुठली सोय चालू आणि कुठली बंद, हे सगळं तिथे ठरतं. आम्ही त्याला 'आतली सेटिंग' म्हणतो. रोजच्या वापरात तिथे जायची गरज पडत नाही. पण घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असला की तो हमखास तिथे जातो. जेल रोडच्या एका बिऱ्हाडात नातवानं वेग वाढवायच्या नादात तिथले आकडे असे बदलले, की मशीन दर वीस मिनिटांनी बंद पडायची. मी तीन मजले चढून चार वेळा गेलो. चारही वेळा नातू निरागस चेहऱ्यानं शेजारी उभा होता. चौथ्यांदा मी आतल्या सेटिंगला पासवर्ड घातला आणि घरच्यांना म्हटलं, "आता याचं काय करायचं ते मला विचारल्याशिवाय कुणी करायचं नाही."

त्या दिवसापासून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या आतल्या सेटिंगला मी माझा पासवर्ड घालायला लागलो. कॉम्प्युटर सुरू व्हायला त्याची अडचण नसते, फक्त आत जाता येत नाही. शिवाय कॅबिनेटच्या मागे एक चिकटपट्टी: 'आतल्या सेटिंगला हात लावू नये.' पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, अगदी मालकालासुद्धा नाही. याचं एक कारण गिऱ्हाइकाचं भलं. दुसरं कारण असं, की सगळ्या मशीनना पासवर्ड एकच होता. एकाला सांगितला की सगळ्यांना सांगितल्यासारखंच. हे दुसरं कारण मी कधी कुणाला बोललो नव्हतो.

वैशालीताई दुकानात आल्या तेव्हा श्रावण नुकताच संपला होता. देवळ्याहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. वय चौतीस-पस्तीस, हातात वही. देवळ्याच्या एका पतसंस्थेत बारा वर्षं कॉम्प्युटरवर नोंदी करत होत्या. पतसंस्था दुसऱ्या संस्थेत विलीन होणार होती आणि त्यांची जागा दिवाळीपर्यंतच होती. नवरा पिकअप चालवतो, घरची थोडी कांद्याची शेती. देवळ्यात दुसरी अशी नोकरी मिळणं कठीण. पण सातपूरच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळायला माणूस हवा होता. पदवी नसली तरी चालेल, मात्र दसऱ्यानंतर होणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत काम करून दाखवायचं. जागा एकच होती.

"परीक्षेत काय करायचंय?" मी विचारलं.

त्यांनी वही उघडली. "एका मशीनमध्ये तीन सर्व्हर उभे करायचे. मग त्यातला एक ते बंद पाडणार, आणि बाकीच्या दोघांवर काम चालू ठेवून दाखवायचं. मी शनिवार-रविवारचा कोर्स केला नाशिकला, तिथं दोन वेळा करून पाहिलं. पण दोन वेळानं हात बसत नाय ना काका. घरी रोज करायला पाहिजे."

वाचकांपैकी ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. एकाच कॉम्प्युटरच्या पोटात तीन-चार कॉम्प्युटर असल्यासारखे चालवता येतात. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत. खरं तर एकाच घरात चार बिऱ्हाडं राहत असतात. इंग्रजीत त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. घरमालक एक, छप्पर एक, चुली वेगळ्या. शिकणाऱ्याला याचा फायदा असा, की चार कॉम्प्युटर विकत घ्यावे लागत नाहीत. एक बिऱ्हाड बिघडलं तर ते पुसून पुन्हा मांडायचं, बाकीच्यांना पत्ता लागत नाही.

असं घर बांधायचं तर काय जास्त लागतं? इथे माझं आणि वैशालीताईंचं पहिलं वाजलं. त्यांचं बजेट पस्तीस हजार, त्याच्या वर एक पैसा नाही. मी सवयीप्रमाणे नव्यातला नवा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम आणि समोर काच असलेलं देखणं कॅबिनेट असा हिशेब सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि वही माझ्याकडे फिरवली. त्यात त्यांची यादी होती.

प्रोसेसर दोन पिढ्या जुना, पण सहा कोअरचा आणि चित्र दाखवायची सोय त्याच्यातच असलेला, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. रॅम बत्तीस जीबी. पाचशे जीबीची एसएसडी. कॅबिनेट सर्वांत स्वस्त. मॉनिटर नको, दिराच्या घरी जुना पडून आहे.

"बत्तीस?" मी म्हटलं. "ताई, रॅमचे भाव सध्या सोन्यासारखे चढलेत. सोळा घ्या, पुढे वाढवू."

"पुढे म्हणजे परीक्षेनंतर का?" त्या म्हणाल्या. "काका, तीन सर्व्हर आणि वर एक साधं मशीन. प्रत्येकाला चार-चार, सहा-सहा दिली तरी सोळामध्ये कसं बसणार? विंडोजला पण पाहिजे ना. प्रोसेसर वाटून घेतील ते, सगळे एकदम काम करत नाय. रॅम कोण वाटून देतं?"

बरोबर होतं त्यांचं. बिऱ्हाडं नळ वाटून घेतात, खोली नाही. रॅम म्हणजे खोल्या. मला हे माहीत होतं, पण अठ्ठावीस वर्षं मी लोकांना प्रोसेसर विकत आलो होतो, कारण प्रोसेसरचं नाव घेतलं की गिऱ्हाईक खूश होतं. रॅमचं नाव घेऊन कुणी खूश होत नाही.

शेवटी मी एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेला प्रोसेसर आणि रॅमच्या सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या मिळवल्या. बोर्ड नवा घेतला, पट्ट्यांना चार खाचा असलेला. पॉवर सप्लायवर मात्र मी अडून बसलो. स्वस्तातला पॉवर सप्लाय मी माझ्या दुश्मनालाही देणार नाही, आणि देवळ्याच्या विजेचा भरवसा नाही. त्या म्हणाल्या, "मग कॅबिनेट अजून स्वस्त दाखवा." मी गोदामातलं एक काढलं, पुढचं झाकण किंचित वाकलेलं. त्यांनी ते बोटानं दाबून पाहिलं आणि घेतलं. बरोबर पस्तीस हजार झाले, एक पैसा जास्त नाही, एक पैसा कमी नाही.

दोन दिवसांत मशीन जोडून झाली. मी माझ्या रीतीप्रमाणे तपासली. दिवसभर चालू ठेवली, एक सिनेमा लावला, गरम होते का पाहिलं, पंख्याचा आवाज ऐकला. मग आतल्या सेटिंगला पासवर्ड घातला आणि चिकटपट्टी लावली. वैशालीताई पिकअप घेऊन नवऱ्याबरोबर आल्या. कॅबिनेट गोधडीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसल्या. निघताना मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "आतल्या सेटिंगला हात लावायचा नाही. लावला तर माझी जबाबदारी नाही."

"नाय लावणार काका," त्या म्हणाल्या.

आता मी काय केलं नव्हतं ते सांगतो. ज्या कामासाठी बाईंनी मशीन घेतली, ते काम मी तिच्यावर एकदाही करून पाहिलं नव्हतं. बिऱ्हाडांची गोष्ट मी तुम्हाला एवढी रंगवून सांगितली, पण ती मी ऐकून होतो, वाचून होतो. स्वतः कधी एक व्हर्च्युअल मशीन चालवली नव्हती. आणि त्या आतल्या सेटिंगमध्ये याच कामासाठी एक सोय असते. ती चालू नसेल तर बिऱ्हाडं आत येऊच शकत नाहीत. बऱ्याच बोर्डांवर ती कारखान्यातून येते तेव्हाच बंद असते. मी ती बंद ठेवूनच दाराला कुलूप घातलं होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. गणपतीचे दिवस, दुकानात तीन गिऱ्हाईकं, एकाची मशीन उघडी पडलेली. त्या म्हणाल्या, "काका, सर्व्हर सुरू होत नाय. एरर येतोय. नेटवर पाहिलं तर आतल्या सेटिंगमध्ये काहीतरी चालू करायला सांगतात. पण तिथं पासवर्ड मागतंय."

"तुम्ही आत गेला होतात?" मी विचारलं. आवाज चढला होता, हे मला आता आठवतं.

"नाय नाय. नुसतं बघितलं."

"ताई, मी काय सांगितलं होतं? पासवर्ड मी कुणाला देत नाही. मशीन चांगली आहे, मी दिवसभर चालवून दिलीय. तुमचं सॉफ्टवेअर नीट बसलं नसेल. सगळं काढून परत टाका."

"बरं काका," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तो फोन विसरून गेलो. विसरलो म्हणजे खरंच विसरलो. दुकानात असे दहा फोन येतात, त्यातल्या नऊ जणांचं सॉफ्टवेअरच नीट बसलेलं नसतं. दहावा कोण आहे, हे ऐकायला मी थांबलो नाही.

नवरात्राच्या तिसऱ्या का चौथ्या माळेला दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. म्हाताऱ्या बाईचा आवाज, मोठ्यानं, अहिराणीत बोलणारा.

"हालो! नाशिकना कॉम्प्युटरवाला भाऊ बोली ऱ्हायनात का?"

"हो, बोलतोय. कोण?"

"मी देवळाथीन बोलस. वैशालीनी सासू. तुम्हीन तो डब्बा दिधा ना, त्यानापुढे ती तीन आठवडापाईन बठेल शे. नीट जेवत नही, बोलत नही. विचारं तर म्हणस, मन्हंच चुकी ऱ्हायनं. त्या डब्बाम्हा काय शे, ते तुम्ही येईसन देखा. आन मी फोन करा व्हता, हे तिले सांगू नका."

फोन ठेवल्या ठेवल्या मला तो आधीचा फोन शब्दन् शब्द आठवला. नेटवर काय सांगतात ते मी तेव्हा पहिल्यांदा शोधून पाहिलं. पाच मिनिटांत कळलं. बाई पहिल्याच फोनला बरोबर सांगत होत्या.

मी लगेच वैशालीताईंना फोन लावला. परीक्षेला किती दिवस उरलेत ते विचारलं. नऊ. "मी उद्या येतोय," म्हटलं.

"कशाला काका? एवढ्या लांब?"

कशाला, हे त्यांना सांगता आलं नाही आणि तुम्हाला सांगतानाही लाज वाटते. पासवर्ड फोनवर सांगितला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. जीभच वळेना. एवढी वर्षं कुणाला सांगितला नाही तो आता फोनवर सांगायचा? त्यापेक्षा जाऊ, स्वतः टाकू, सोय चालू करू आणि पुन्हा कुलूप घालून येऊ. बायकोनं ऐकलं तर म्हणाली, "पासवर्ड सांगायला लागू नये म्हणून तुम्ही देवळ्याला चाललात?" मी म्हटलं, "तुला त्यातलं कळत नाही." तिला सगळं कळलं होतं.

सकाळी दुकान बंद ठेवलं आणि सीबीएस स्टँडवरून एसटी धरली. नवरात्र असल्यामुळे देवीच्या गडावर जाणाऱ्यांची गर्दी, वणीपर्यंत उभ्यानंच गेलो. वणीला निम्मी गाडी उतरली आणि मला खिडकी मिळाली. बसल्यावर मात्र बरं वाटेना. उभं असताना माणूस पाय दुखतात म्हणून कुरकुर करतो, बसल्यावर विचार सुरू होतात.

वैशालीताईंचं घर गावाबाहेर मळ्यात. अंगणाच्या कडेला कांद्याची चाळ. सासूबाई चाळीपुढे बसून नासके कांदे वेगळे काढत होत्या. मला पाहून त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, की फोनचं बोलू नका. "या भाऊ, पानी पिवा," एवढंच म्हणाल्या.

खोलीत टेबलावर ते वाकलेल्या झाकणाचं कॅबिनेट होतं, त्यावर स्वच्छ धुतलेला रुमाल. वैशालीताई वाळल्यासारख्या दिसत होत्या. मी खुर्ची ओढून बसलो, मशीन सुरू केली, बटण दाबलं. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. आणि मी डाव्या हातानं कीबोर्ड झाकला.

हे मी ठरवून केलं नाही. हाताची सवय. पण वैशालीताईंनी ते पाहिलं आणि लगेच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एटीएमच्या रांगेत उभं राहतात तसं, सभ्यपणे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मशीनसमोर.

त्या वळल्या तेव्हा टेबलावरची त्यांची वही मला दिसली, उघडीच होती. मी पान उलटलं. पानभर कॉम्प्युटरचा पडदा आखलेला, पट्टीनं, पेन्सिलनं. त्यात एक सर्व्हर, दुसरा, तिसरा. खाली कुठली आज्ञा टाकायची, आणि टाकल्यावर पडद्यावर काय उमटेल, ते बारीक अक्षरात. पुढच्या पानावर तोच पडदा, दुसरी आज्ञा. मग तिसऱ्या. एक सर्व्हर बंद पडला तर काय दिसेल, तेही काढलेलं, त्या चौकटीवर फुली. अशी चाळीस-पन्नास पानं.

"हे काय ताई?"

त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "मशीनवर होईना, म्हणून कागदावर करत होते. तीन वेळा विंडोज काढून परत टाकलं काका, तुम्ही सांगितलं तसं. तरी होईना. म्हटलं, काका म्हणतात मशीन चांगली हाये, म्हणजे आपल्यालाच जमत नाय. कोर्सला जमलं ते कुणीतरी शेजारी होतं म्हणून. परीक्षेला जाऊ नये असं पण वाटत होतं."

मी कीबोर्डवरचा हात काढला.

"ताई, इकडे वळा," मी म्हटलं. "तुम्ही पहिल्या फोनवर जे सांगितलंत ते बरोबर होतं. माझं चुकलं. आत एक सोय बंद राहिलीय, ती मी बंद ठेवून वरून कुलूप घातलं. तुमची चूक शून्य. बसा इथे. पासवर्ड तुम्ही टाका."

त्या वळल्या, पण बसेनात. मी उठलो आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"काय टाकू?"

"नाशिक रोडचा पिनकोड."

त्यांनी टेबलाचा खण उघडला, माझ्या दुकानाचं बिल काढलं आणि वरच्या पत्त्याकडे बोट करून म्हणाल्या, "हा?"

"हा."

"काका, हा तर बिलावर छापलेला हाये!"

आणि त्या हसल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पदरानं पुसत पुन्हा हसल्या. बाहेरून सासूबाई विचारत होत्या, "काय व्हयनं वं?" मलाही हसू आलं. एवढी वर्षं जपलेलं माझं गुपित मी स्वतःच दर गिऱ्हाइकाच्या हातात छापून देत होतो. (आता ते इथे लिहायला हरकत नाही, का ते पुढे सांगतोच.)

आत गेल्यावर सोय कुठे असते ते त्यांनीच शोधलं. माझ्यापेक्षा लवकर. चालू केली, जतन केलं. मग मी म्हटलं, "आता पासवर्डही बदला. तुमच्या मनाला येईल तो ठेवा. मला सांगू नका." आणि मी बाहेर अंगणात गेलो.

सासूबाईंनी चहा दिला. मी चाळीपुढे बसून कांदे बघत होतो. अर्ध्या तासानं आतून हाक आली, "आई! काका! या, या लवकर!" पडद्यावर तीन चौकटी होत्या, तिन्ही चालू. वहीतलं पहिलं पान शेजारी उघडं होतं. पडद्यावरचं आणि पानावरचं जवळजवळ सारखंच होतं. सासूबाई म्हणाल्या, "हाईच तर तिनी काढेल व्हतं वहीम्हा." त्यांनी ती पानं रोज पाहिली होती, मी आज पाहिली.

नाशिकला परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते फोनचं. जुनी वही काढली आणि ज्यांच्या ज्यांच्या मशीन अजून चालू असतील असं वाटलं, त्यांना एकेक करून फोन लावला. 'तुमच्या कॉम्प्युटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड अमुक आहे, बदलून घ्या.' आठवडाभर तेच चाललं होतं. लोकांना काही कळेना. दिंडोरीकडच्या एक द्राक्षवाल्या बाई म्हणाल्या, "पण भाऊ, मी काय करू याचं?" मी म्हटलं, "काही करू नका, तुमचं आहे ते तुमच्याकडे असू द्या." त्या म्हणाल्या, "बरं, लय उपकार," आणि दोन मिनिटांनी परत फोन करून विचारलं, की हे सरकारी काही आहे का. आता नवी मशीन देताना मी कीबोर्ड गिऱ्हाइकाकडे फिरवतो. ज्याला कुलूप हवं त्यानं घालावं. जेल रोडच्या नातवासारखी पोरं अजून आहेत, त्यांचे फोन येतात, मी जातो. तेवढा व्याप मी आता धरून चालतो. आणि ज्या कामासाठी मशीन घेतली ते काम गिऱ्हाइकाला माझ्यासमोर, दुकानात, एकदा करून दाखवायला सांगतो. कुणी शिवणकामाचे नमुने उघडतं, कुणी पत्रिका छापतं. मला बरंच नवीन शिकायला मिळतं.

वैशालीताईंची परीक्षा दसऱ्यानंतरच्या सोमवारी होती. त्या दिवशी मी एका मशीनचे स्क्रू तीन वेळा लावले आणि तीन वेळा काढले. बायकोनं डबा पाठवला तो तसाच राहिला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला फोन वाजला.

"काका, झालं!" मागे रिक्षाचे आवाज. "घेतलं मला. पुढच्या महिन्यापासून यायचं. नाशिकला भावाकडे राहीन आठवडाभर, शनिवारी घरी."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

"ऐकताय ना काका? आम्ही पाच जण होतो. माझं सगळ्यात आधी झालं. मग त्यांच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, सराव कशावर केला? मी मशीन सांगितली. रॅम किती, कोअर किती, ग्राफिक्स कार्ड का नाय, सगळं. ते म्हणाले, एवढ्या पैशात एवढं चांगलं बसवलं, पार्ट कुणी निवडून दिले?"

"मग?"

"मग मी सांगितलं, मीच निवडले. काकांनी जोडून दिले."

खरं सांगतो, एक क्षण मला झोंबलं. अठ्ठावीस वर्षं गिऱ्हाईकं सांगत आली, 'काकांनी निवडून दिलाय, चांगलाच असणार,' आणि मी ते ऐकून फुगत आलो. मग मला ती बाई दिसली, पाच माणसांत, त्या मोठ्या साहेबांसमोर, मान वर करून 'मीच' म्हणणारी. आठ दिवसांपूर्वी हीच बाई स्वतःच्या घरात भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"चुकीचं बोलले का काका?" त्यांनी विचारलं.

"नाही ताई," मी म्हटलं, "अगदी खरं बोललात."